सलग सहा वेळा

नणंद : आणि तेव्हा तुझा फोन कुठे होता?

भावजय : लॉकरमध्ये. आत नेता येत नाही, ताई. चाचणी चालू असताना आवाज झाला की उंदीर बिचकतात. मग त्या दिवसाचं सगळंच फुकट जातं.

नणंद : उंदीर बिचकतात. बरं. इकडे माझा भाऊ पोरीला कडेवर घेऊन जिन्यात उभा, तुला फोनवर फोन लावतोय, आणि तिकडे उंदीर बिचकू नयेत म्हणून फोन कुलपात.

भावजय : मला काय बोलायचं ते नंतर बोला. ती कशी आहे, ते आधी सांगा. सिस्टर म्हणाल्या आत्ताच डोळा लागलाय, आत सोडत नाहीयेत.

नणंद : मांडीत इंजेक्शन दिलं. ते दिल्याबरोबर श्वास मोकळा झाला. ओठ अजून सुजलेत. नाकाला नळी आहे. आजची रात्र इथेच ठेवणार. ये, इकडून ये, या काचेतून दिसते. आणि रडू नकोस आता.

भावजय : मी रडत नाहीये. तिचं पोट वरखाली होतंय का ते बघतेय.

नणंद : होतंय. मघापासून मीही तेच बघत बसलेय.

भावजय : हो. होतंय. आणि तो?

नणंद : खाली दाराजवळच्या बाकावर बसवलाय. वॉचमनला म्हटलं, बाबा, याच्यावर नजर ठेव. तर त्यालाही सांगत बसलाय, दूध संपलं होतं म्हणून आणलं. येईल जाईल त्याला तेच. दूध संपलं होतं म्हणून आणलं.

भावजय : आणलं? कुठून?

नणंद : तुला कुणी सांगितलंच नाही?

भावजय : ताई, घरात दुधाचा थेंब नव्हता. मीच सगळं काढून टाकलं, फ्रीज पुसून घेतला. दुधाचं पातेलं माळ्यावर नेऊन टाकलं. ओट्यावर फक्त नव्या पावडरीचा डबा. हाताशी, अगदी समोर.

नणंद : म्हणून तर. ठकू रडायला लागली. याने फ्रीज उघडला, दूध नाही. मग पोरीला टोपी घातली, कडेवर घेतलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवी घेऊन आला. पातेलं सापडेना, तर चहाच्या भांड्यात तापवलं. बाटली उकळली. थेंब मनगटावर टाकून बघितला. सगळं अगदी नीट केलं गं त्याने.

भावजय : डबा समोर होता.

नणंद : उचलून बाजूला ठेवला म्हणे. भांडं ठेवायला जागा हवी होती.

भावजय : देवा.

नणंद : देवाला मध्ये आणू नकोस. मला सांग, तू त्याला बजावलं होतंस की नाही? पहिल्यांदा तिच्या अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या, डॉक्टरांनी दूध बंद म्हणून सांगितलं, तेव्हा?

भावजय : बजावलं? मी शिकवलं त्याला. रोज. ती रडायची, तो उठायचा, मी शेजारी उभी. कोमट पाणी, पावडर, बाटली. हात फ्रीजकडे गेला की थांबवायची, पुन्हा पहिल्यापासून. आधी सारखा चुकायचा. मग जमायला लागलं. सलग सहा वेळा बरोबर केलं त्याने, ताई. मी एक अक्षर न बोलता. सलग सहा. मग मी कामावर गेले.

नणंद : सहा का?

भावजय : म्हणजे?

नणंद : पाच नाही, दहा नाही, महिनाभर नाही. सहाच का?

भावजय : आमच्याकडे सहा असतं.

नणंद : आमच्याकडे म्हणजे कुणाकडे? तुझ्या माहेरी?

भावजय : प्रयोगशाळेत.

नणंद : उंदरांना?

भावजय : हो. सलग सहा वेळा बरोबर केलं की उंदीर शिकला, असं धरतात.

नणंद : वा! म्हणजे माझा भाऊ उंदरांच्या परीक्षेत पास झाला, म्हणून पोर त्याच्या स्वाधीन केलीस.

भावजय : हळू बोला. लोक बघतायत.

नणंद : बघू देत. अगं, लिफ्ट दुरुस्त करताना खड्ड्यात पडून कपाळ फुटलेला माणूस. तुझी ती दोन महिन्यांची होती तेव्हा. तिने बाटली धरायला शिकावं आणि याने घास तोंडात घालायला शिकावं, एकदमच चाललं होतं तुझ्या घरात. त्याला तू परीक्षेला बसवलंस?

भावजय : मग काय करायला हवं होतं? पाळणाघरात टाकली होती ना तिला, आठवडाभर. तो काय करायचा माहितीय? दुपारभर फ्रीजसमोर स्टूल टाकून बसायचा. ती रडायची वाट बघत. अपघातानंतर त्याला स्वतःचं म्हणावं असं पहिलं काम जमलं ते हेच. ती रडली की फ्रीजमधल्या दुधाची बाटली. तुम्हीच नाही का कौतुक केलंत? सगळ्यांना फोन करून सांगत होतात, टिल्लू पोर सांभाळतो म्हणून.

नणंद : केलं. करणारच. मला काय माहीत त्याचं डोकं आतून कसंय? मी कपडे शिवते. तू तर मेंदूचं शिकतेस. तुला माहीत नव्हतं?

भावजय : तिची नळी नीट आहे ना, बघा.

नणंद : नळी नीट आहे. माहीत होतं?

भावजय : माझं कामच ते आहे, ताई. मी रोज तेच बघते.

नणंद : काय बघतेस? नीट सांग. मला समजेल असं.

भावजय : दोन वाट्या असतात. एकीत लाकडाचा भुसा, एकीत वाळू. एकीला लिंबाचा वास, दुसरीला लवंगेचा. एका वाटीच्या तळाशी बिस्किटाचा तुकडा पुरलेला. उंदराने उकरून काढायचा. आम्ही वाट्या बदलत राहतो, कधी भुशाला लिंबाचा वास, कधी वाळूला. पण बिस्कीट लिंबाच्याच वाटीत. उंदीर पटकन शिकतो. लिंबू आलं की उकर, खाली भुसा असो की वाळू.

नणंद : बरं.

भावजय : मग आम्ही नियम बदलतो. आता वासाला अर्थ नाही. बिस्कीट भुशात, वास कुठलाही असो. धडधाकट उंदीर काही वेळा फसतो. मग थांबतो. दोन्ही वाट्या हुंगतो. आणि भुशाकडे वळतो. ते बघायला फार छान वाटतं, तो थांबतो ते. मेंदूचा अगदी पुढचा भाग, कपाळामागचा, तो ते थांबवतो. जुनं सोड, दुसरं करून बघ, असं.

नणंद : आणि ज्याचा तो भाग बिघडलाय?

भावजय : तो लिंबाच्या वाटीत उकरत राहतो. रिकामी निघते. पुन्हा उकरतो. अजून जोरात उकरतो. आणि, ताई, पहिला नियम तो इतरांइतकाच झटकन शिकलेला असतो. त्यामुळे बाहेरून काही कळतच नाही. नियम बदलेपर्यंत तो अगदी हुशार उंदीर असतो.

नणंद : शिकतच नाही का मग दुसरं?

भावजय : शिकवत राहिलं की काही येतात सहापर्यंत. त्यातले काही पुन्हा घसरतात. जुन्यावर.

नणंद : म्हणजे सहाचा भरवसा नाही, हे तुला ठाऊक होतं.

भावजय : हो.

नणंद : आणि तरी.

भावजय : तरी. मला तो त्या उंदरांतला नको होता. सहा झाले तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून नाचले, माहितीय? तोही नाचला. कशाबद्दल ते न विचारता.

नणंद : गप. गप बस जरा. पाणी घे. हे घे.

भावजय : नको.

नणंद : घे म्हणते ना. आणि ते उंदीर, त्यांचा तो भाग तुम्ही बिघडवता कसा? कापून?

भावजय : नाही. बारीक नळीतून औषध सोडतो. तो भाग झोपतो, तेवढ्यापुरता. दोनेक तासांनी उतरतं. दुसऱ्या दिवशी तोच उंदीर, तीच वाटी, आणि बरोबर थांबतो, बरोबर वळतो.

नणंद : उतरतं?

भावजय : हो.

नणंद : मग टिल्लूचं कधी उतरणार?

भावजय : त्याला औषध दिलेलं नाहीये, ताई. त्याचा तो भागच गेलाय.

नणंद : हं. ऐक आता. मघाशी डॉक्टर येऊन गेले. पोरीला सोडायच्या आधी त्यांना उत्तर हवंय. घरी तिच्याजवळ कोण असणार? मी म्हटलं, तिची आई आली की सांगेल.

भावजय : मी असेन. मी सोडते काम.

नणंद : आणि चुलीत काय घालशील? त्याचं येणं बंद, तुझंही बंद.

भावजय : मग पुन्हा पाळणाघर.

नणंद : पाळणाघर संध्याकाळी बंद होतं. मग?

भावजय : मग मी असतेच ना घरी!

नणंद : असतेस. आणि आंघोळीला गेलीस? डोळा लागला? दार वाजलं म्हणून उठलीस? ती रडायला किती वेळ लागतो? आणि त्याला दुकानात जाऊन यायला?

भावजय : मी स्वयंपाकघराला कुलूप लावेन. दाराला लावेन. पैसे लपवेन. दुकानदाराला सांगेन, याला दूध देऊ नका म्हणून.

नणंद : आणि तिकडून पुढच्या दुकानात गेला तर?

भावजय : त्यांनाही सांगेन. सगळ्यांना सांगेन. गळ्यात पाटी अडकवेन त्याच्या! काय करू ते तरी सांगा, ताई, मला सुचत नाहीये, मी रात्रंदिवस हाच विचार करतेय. दुधाचं आवरलं तरी पुढे काय? आज ती रांगते, तो तिला पलंगावर एकटी ठेवत नाही, कारण तसं मी शिकवलंय. उद्या उभी राहील, तेव्हा पलंग नाही, खिडकी. मग दार. मग गॅसचं बटण. मूल म्हणजे दुसरं काय असतं? रोज नियम बदलतो. मला स्वतःला पुरत नाही माझं डोकं. रोज सकाळी बघते, काल पुरत होतं ते आज पुरत नाही.

नणंद : म्हणूनच म्हणते. मी त्याला घेऊन जाते.

भावजय : नाही.

नणंद : माझ्याकडे लहान मूल नाही. दुकान खालीच आहे, डोळ्यांसमोर राहील. बटणं लावेल, काजं करेल. त्याचे हात चांगले आहेत.

भावजय : नाही म्हटलं ना. तो माझा नवरा आहे, बटणं लावायला आणलेला नोकर नाही.

नणंद : आणि माझा भाऊ आहे, तुझा उंदीर नाही.

भाऊ : कोण उंदीर? तो वकील उंदीर आलाय का इथे?

नणंद : अरे, तू वर कसा आलास? त्या वॉचमनला काय सांगितलं होतं मी?

भाऊ : तो म्हणाला भेटायची वेळ झाली, जा. या बाईसाहेब कधी आल्या? अगं, फोन का नव्हतीस उचलत? किती लावले मी.

भावजय : लॉकरमध्ये होता. चुकलं माझं.

भाऊ : हां, उंदीर बिचकतात. विसरलोच. मीच तर तुमच्या त्या उंदरांच्या पेटीचं दार बनवून दिलं, सरकताना आवाज होत नाही ते. लिफ्टचं दार असतं तसं. होतो का आवाज?

भावजय : नाही होत.

भाऊ : होणारच नाही. ठकू झोपलीय?

नणंद : झोपलीय. इकडे बस. टिल्ल्या, मला एक सांग. ठकूला दूध द्यायचं का?

भाऊ : नाही.

नणंद : का नाही?

भाऊ : तिला सोसत नाही. गळा आतून सुजतो. कोमट पाण्यात डब्यातली पावडर. चमचा सपाट भरायचा, शीग नाही. हलवायची, मनगटावर थेंब, मग द्यायची.

नणंद : बरोबर. मग आज काय दिलंस?

भाऊ : दूध संपलं होतं म्हणून आणलं.

नणंद : अरे पण...

भावजय : ताई, राहू द्या.

भाऊ : नाही, तिला विचारू दे. मीपण खाली तेच करत होतो. स्वतःलाच विचारत होतो. दोन्ही उत्तरं बरोबर येतात. दोन्ही एकत्र केली की येत नाही.

भावजय : तुला तेव्हा आठवत नव्हतं का? तापवताना?

भाऊ : आठवत होतं.

भावजय : आठवत होतं?

भाऊ : आत एक माणूस बोंबलत होता. दूध नाही, दूध नाही. मला चांगलं ऐकू येत होतं. पण हात चालू होते. बाईसाहेब, कसं सांगू तुला? चौथ्या मजल्याचं बटण दाबलंय. दिवापण लागलाय चौथ्याचा. आणि गाडी जाऊन थांबते दुसऱ्यावर. आतला माणूस ओरडतोय, मला चौथ्यावर जायचंय. पण वर मशीनखोलीत वायरच दुसऱ्याची जोडलीय. त्याच्या ओरडण्याने काय होणार? वर जाऊनच दुरुस्त करायला लागतं.

नणंद : आणि वर कोण जाणार?

भाऊ : तेच ना. मीच तो मेकॅनिक. आणि मीच खड्ड्यात.

नणंद : हसू नकोस रे असा.

भाऊ : रडू मग? रडायला ती आहे की, आत. बरं, वकिलाचं काय झालं? आज त्याची परीक्षा होती ना?

नणंद : हा वकील कोण?

भाऊ : हिचा एक उंदीर. त्याला वाटी चुकली असं म्हटलं की वाद घालतो. मागच्या पायांवर उभा राहून. झाले का त्याचे सहा?

भावजय : झाले.

भाऊ : अरे वा! मग?

भावजय : मग घसरला. शेवटी लिंबाच्या वाटीतच उकरत बसला होता. मी वाटी काढून घेतली, तरी खालची जमीन उकरत होता.

भाऊ : घसरलेल्याचं काय करता तुम्ही?

भावजय : काही नाही. पिंजऱ्यात परत ठेवतो. औषध उतरतं.

भाऊ : आणि पिंजऱ्यात असतो तेव्हा? तिथे करतो का काही वेडंवाकडं?

भावजय : नाही. खातो, झोपतो. इतरांसारखाच असतो.

भाऊ : वाट्या नसल्या की चांगला असतो.

भावजय : असं बोलू नकोस.

भाऊ : ताई, तुझ्याकडची ती मागची खोली रिकामी आहे का?

नणंद : आहे.

भाऊ : मग मला घेऊन जा.

भावजय : नाही! ताई, तुम्ही शिकवलंत याला हे?

नणंद : शपथ. मी याला काही बोललेले नाही.

भाऊ : ती काय शिकवणार? मला शिकवणं सोपं आहे का? विचार स्वतःलाच.

भावजय : थट्टा नको. ऐक माझं. मी दुसरं काहीतरी शोधते. सहा नाही, साठ वेळा करू. दोन महिने मी कुठे जाणारच नाही. घंटा लावू, ती रडली की...

भाऊ : तिचे ओठ निळे होत होते. मी तिच्याकडे बघत होतो आणि बाटली माझ्याच हातात होती. तुला माहितीय मी मग काय केलं?

भावजय : मला फोन केलास. ताईंना केलास.

भाऊ : त्याच्या आधी. ती रडली, तशी मी बाटली पुन्हा तिच्या तोंडाजवळ नेली.

नणंद : अरे देवा.

भाऊ : तिने तोंड फिरवलं म्हणून वाचली. तिने थांबवलं. मी नाही. मग? साठ वेळा करायचं?

भावजय : तू गेलास तर ती तुला विसरेल. एवढ्या लहान वयात विसरतात. पंधरा दिवस पुरतात.

भाऊ : विसरू दे. मी नाही विसरत. जुनं काही सुटत नाही, तोच तर आजार आहे ना माझा?

भावजय : ताई, काहीतरी बोला हो.

नणंद : काय बोलू? मघापासून मीच बोलत होते. आता याचं ऐक.

भावजय : किती दिवस?

नणंद : कसले दिवस?

भावजय : किती दिवस न्याल त्याला?

नणंद : तिला "बाबा, दूध नको" म्हणता येईपर्यंत.

भावजय : ती अजून "बाबा"सुद्धा म्हणत नाही.

नणंद : शिकव मग. तू शिकवतेसच ना.

भावजय : डॉक्टरांना काय सांगू?

भाऊ : सांग, घरी तिची आई असते. आणि बाबा कामाला बाहेरगावी असतात. खोटं नाही त्यात काही. बटणं लावायला.

(आतून ठकूच्या रडण्याचा आवाज येतो.)

भाऊ : आलो आलो. आलो गं राणी. दूध तापवतो हं, आत्ता तापवतो.

नणंद : टिल्ल्या! अरे, आत्ताच म्हणालास ना...

भावजय : ताई, अडवू नका. आत सिस्टर आहेत. मीही आहे. जाऊ दे त्याला.

भाऊ : फ्रीज कुठंय? बाईसाहेब, इथला फ्रीज कुठे ठेवलाय?

भावजय : इथे फ्रीज नाहीये.

भाऊ : ओटा?

भावजय : ओटापण नाही.

भाऊ : पण ती रडतेय.

भावजय : हो. रडतेय.

भाऊ : मग आता मी काय करू?

भावजय : थांबलास तू. काय म्हणालास?

भाऊ : मी काय करू? सांग ना.

भावजय : उचल तिला. नळीला धक्का लागू देऊ नकोस. मानेखाली हात घाल. असा.

भाऊ : उचलली. हे बघ, गप्प होतेय. झाली गप्प. आता? आता काय करायचं?

भावजय : काही नाही. नुसतं धरून बस.